स्वस्तात विकलेले घर आणि दिलेला शब्द

काही महिन्यांपूर्वी एका रविवारी सकाळी मुळशी तालुक्यातील एक कुटुंब आमच्याकडे आले. दोघे भाऊ, त्यांची थोरली बहीण आणि सत्तरी ओलांडलेली आई. गावाचे नाव आम्ही सांगणार नाही. पिरंगुटच्या पलीकडचे एक गाव, एवढे पुरे. गावठाणाच्या कडेला बौद्धवस्ती आहे आणि तिथे या कुटुंबाची तीन गुंठे जागा व त्यावर बापाने बांधलेले जुने घर आहे. धाकट्या भावाने पिशवीतून एक कागद काढून आमच्यासमोर ठेवला. ती मुद्रांकावर लिहिलेली इसार पावती होती. घर-जागेची ठरलेली किंमत २६ लाख रुपये, इसारापोटी २ लाखांचा चेक, उरलेली रक्कम सहा महिन्यांत देऊन खरेदीखत करायचे आणि खाली दोन्ही भावांच्या सह्या.

पावती झाल्यावर दोनच महिन्यांत त्यांना कळले की पावतीच्या आधीच, त्याच रस्त्यावरची तेवढीच जागा ५२ लाखांना गेली होती. म्हणजे यांनी आपले घर अर्ध्या किमतीत देऊ केले होते. त्यातच दुसरा एक माणूस दारात येऊन गेला आणि आपण ५२ द्यायला तयार आहोत म्हणाला.

बहीण म्हणाली, "वकीलसाहेब, सरळ सांगा. माघार घ्यायची का नाही?" थोरला भाऊ मान खाली घालून बोलला, "शब्द दिलाय, ताई. लोक काय म्हणतील?" आई काहीच बोलली नाही.

हा प्रश्न एका घराचा असता तर आम्ही तो या स्तंभात आणला नसता. पुणे शहर पश्चिमेकडे सरकू लागल्यापासून मुळशी, मावळ, हवेली या पट्ट्यातील आपल्या वस्त्यांमध्ये हाच प्रश्न घरोघरी उभा आहे. कोणी विकून बसले आहे, कोणी विकण्याच्या बेतात आहे, तर कोणी इसार घेऊन पस्तावले आहे. अशा वेळी चळवळीतला वकील काय सांगणार, याचा लोक आधीच अंदाज बांधतात. गरिबाची फसवणूक झाली, मोडा व्यवहार! टाळ्या मिळवणारे उत्तर हेच आहे. पण ते दर वेळी खरे नसते. म्हणून कायदा काय म्हणतो आणि आपला विवेक काय म्हणतो, ते एकदा सविस्तर पाहू.

सर्वांत आधी एक कडू गोष्ट. केवळ किंमत कमी ठरली म्हणून करार मोडता येत नाही. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २५ च्या स्पष्टीकरणात हे स्वच्छ लिहिले आहे. मोबदला अपुरा आहे एवढ्यानेच करार रद्द ठरत नाही. मात्र विकणाऱ्याची संमती मोकळी होती की नव्हती हे ठरवताना न्यायालय त्या अपुऱ्या मोबदल्याचा विचार करू शकते. या दोन वाक्यांत सगळे प्रकरण आहे. स्वस्तात विकणे हा तुमचा हक्क आहे, तो तुमचा मूर्खपणाही असू शकतो. पण स्वस्तात विकायला लावणे, म्हणजे दडपण आणून, खोटे सांगून, लपवाछपवी करून सही घेणे, ही वेगळी गोष्ट आहे. पहिल्यातून सुटका नाही, दुसऱ्यातून आहे. आणि ते सिद्ध करण्याचा बोजा बहुतेक वेळा तक्रार करणाऱ्यावरच असतो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. पूर्वी करार पुरा करून देण्याचा हुकूम द्यायचा की नाही, हे बरेचसे न्यायाधीशांच्या विवेकावर होते. १९६३ च्या विनिर्दिष्ट साहाय्य कायद्यात २०१८ मध्ये दुरुस्ती झाली आणि ती १ ऑक्टोबर २०१८ पासून लागू झाली. त्या दुरुस्तीने ही मोकळीक फार आवळली. खरेदीदार पैसे घेऊन तयार असेल, करार कायदेशीर असेल, तर करार पुरा करून द्या असा हुकूम देणे हा आता नियम झाला आहे. जुन्या काळच्या ऐकीव माहितीवर 'इसार परत केला की झालं' असे सांगणारे गावोगाव आहेत. त्यांच्यावर विसंबून राहू नका. इसार परत करणे ही विकणाऱ्याची मर्जी नाही. समोरचा तो नाकारू शकतो आणि न्यायालयात जाऊ शकतो. दाव्यासाठी त्याला तीन वर्षांची मुदत असते. फोन उचलायचा नाही, गावात असून नाही म्हणायचे, तारखा देत राहायचे, याला माघार म्हणत नाहीत, पळ काढणे म्हणतात. तीन वर्षे टांगती तलवार ठेवण्याचा तो राजमार्ग आहे.

तिसरी गोष्ट. पहिला करार जिवंत असताना दुसऱ्याला खरेदीखत करून देणे, हा आपल्याकडचा आवडता 'तोडगा' आहे. पहिल्या कराराची माहिती असून ज्याने जागा घेतली, त्याच्यावरही पहिला करार बजावता येतो. म्हणजे ५२ लाख देणारा उद्या तुमच्यावरच फसवणुकीची फिर्याद करील आणि २६ लाखांचा खरेदीदार दाव्यात उभा असेलच. घर एक, भांडणे दोन आणि वकिलांच्या फिया तीन!

एवढे ऐकून थोरला भाऊ उठायला लागला. "म्हणजे गेलंच की घर." आम्ही त्याला बसवले आणि चार प्रश्न विचारले. हेच चार प्रश्न प्रत्येक वाचकाने आपल्या कागदाला विचारावेत.

पहिला प्रश्न: घर कोणाचे? वडील मृत्युपत्र न करता वारले. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या उताऱ्यावर दोन्ही भावांची नावे लागली. बहिणीचे नाव नाही, आईचेही नाही. गावात सांगितले गेले की उताऱ्यावर नाव नाही म्हणजे हक्क नाही. हे साफ खोटे आहे. तो उतारा घरपट्टीच्या आकारणीचा आहे, मालकीचा निवाडा नव्हे. वारसाहक्काच्या बाबतीत आपण बौद्ध १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याखालीच येतो, त्या कायद्याच्या कलम २ मध्ये तसे स्पष्ट आहे. धर्मांतराने आपण वर्णव्यवस्था नाकारली, पण मुलीचा हिस्सा नाकारण्याची सवड कोणी दिली नाही. बापाच्या मिळकतीत विधवा, मुलगा आणि मुलगी यांना सारखा वाटा १९५६ पासूनच आहे. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीला जन्माने हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, संसदेने २००५ मध्ये दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात त्याबाबतचा उरलासुरला संशयही काढून टाकला. हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले, हे आपण दर १४ एप्रिलला सांगतो. मग इसार पावतीवर बहिणीच्या सहीसाठी जागा का सोडत नाही?

या पावतीवर आईची सही नव्हती, बहिणीची नव्हती. भाऊ फार तर आपापल्या हिश्शाचा करार करू शकत होते, साऱ्या घराचा नाही. शिवाय त्याच कायद्याच्या कलम २२ प्रमाणे एका वारसाला आपला हिस्सा विकायचा असेल, तर बाकीच्या वारसांना तो घेण्याचा अग्रहक्क आहे. राहत्या घराचा हिस्सा परक्याने घेतला, तरी त्याला कुटुंबासोबत घरात राहण्याचा हक्क मिळत नाही आणि त्याने वाटपाचा दावा लावला तर घरच्यांना तो हिस्सा विकत घेता येतो. हे सारे कायद्यात आहे. आपल्या माणसांपर्यंत ते पोहोचलेले नाही.

दुसरा प्रश्न: जमीन कोणत्या सत्तेची? या कुटुंबाची जागा गावठाणातली निघाली. पण आपल्या अनेक वस्त्या आणि त्यांच्या सभोवतीची शेते मूळची महार वतनाची आहेत. १८७४ च्या वतन कायद्याने बांधून घातलेली ही गुलामी मोडावी म्हणून बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. त्याला अपेक्षित पाठिंबा मिळत नाही असे दिसल्यावर १९२९ मध्ये ते त्यांनी मागे घेतले. भर सभागृहात मागे घेतले आणि लढा मात्र सोडला नाही. शेवटी १९५८ च्या कनिष्ठ गाव वतने रद्द करणाऱ्या कायद्याने वतने गेली आणि ठरावीक रक्कम भरणाऱ्या वतनदारांना जमिनी पुन्हा देण्यात आल्या. पण त्या नव्या शर्तीवर. जिल्हाधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय आणि शासनाने ठरवलेली रक्कम भरल्याशिवाय त्या हस्तांतरित करता येत नाहीत. सातबाऱ्यावर अशी नोंद असेल तर आधी तिचा अर्थ जाणकाराकडून समजून घ्या. 'परवानगीचं आम्ही बघतो, तुम्ही फक्त कुलमुखत्यारपत्र द्या' असे म्हणणारा माणूस तुमच्या जमिनीचा भाव पाडायला आलेला असतो. मुखत्यारपत्राने मालकी बदलत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात बजावून सांगितले आहे.

तिसरा प्रश्न: भाव कोणी सांगितला? धाकटा भाऊ म्हणाला, "दलालानं. तो म्हणला, वस्तीतली जागा हाय, बाहेरचं कोण घेणार? सव्वीस मिळतायत तर पदरात पाडून घ्या." वाचकहो, या वाक्यावर जरा थांबा. त्याच रस्त्याला, तेवढ्याच रुंदीच्या दोन जागा. एकीचा भाव ५२, दुसरीचा २६. मधला २६ लाखांचा फरक कशाचा? मातीचा नाही, पाण्याचा नाही, रस्त्याचा नाही. तो जातीचा आहे. आमच्या हाताचे पाणी नको होते, तेव्हा आमच्या जागेला भाव नव्हता. आता आमची जागा हवी आहे, पण भाव जुनाच द्यायचा आहे. आणि गंमत अशी की एकदा वस्तीतली घरे पाडून कुंपणाची भिंत उभी राहिली, वर इंग्रजी नावाची पाटी लागली, की त्याच मातीचा विटाळ एका रात्रीत फिटतो आणि भाव चौपट होतो. अस्पृश्यता संविधानाच्या कलम १७ ने गेली. दलालाच्या वहीतून ती अजून गेलेली नाही.

चौथा प्रश्न: घाई कोणाला होती? धाकट्याच्या टेम्पोच्या कर्जाचे हप्ते थकले होते. गाडी ओढून नेण्याची नोटीस आली होती. हे दलालाला ठाऊक होते. पण आईला ठाऊक नव्हते.

आमच्या बांधवांना जमिनीची किंमत कळत नाही, असे हिणवणारे पुष्कळ आहेत. आम्हाला ते मान्य नाही. दादासाहेब गायकवाडांच्या हाकेसरशी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये भूमिहीनांच्या सत्याग्रहात ज्यांनी तुरुंग भरले, त्यांच्या नातवंडांना जमिनीचे मोल कळत नाही? कळते. पण दवाखान्याचे बिल, लग्न, थकलेला हप्ता समोर उभा राहिला, की ज्याला थांबता येत नाही त्याला भाव मागता येत नाही. बाजारात किंमत ठरते ती थांबण्याच्या ताकदीवर. ज्याच्याकडे सहा महिन्यांचे धान्य आहे तो ५२ मागतो. ज्याच्या दारात वसुलीवाला उभा आहे तो २६ घेतो.

मुळशीला हे नवे नाही. टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळात येथे सत्याग्रह झाला. पांडुरंग महादेव बापट याच लढ्यातून 'सेनापती' झाले. त्या लढ्याचा एक धडा क्वचित सांगितला जातो. बुडणाऱ्या गावांतील बऱ्याच जमिनी पुण्यातील सावकारांच्या नावावर होत्या आणि कसणारे मावळे कुळे म्हणून राबत होते. कागदावरच्या मालकांनी मोबदल्याची बोलणी केली आणि लढा विस्कटला. ज्यांची चूल तिथे होती त्यांना विचारले गेले नाही. पुढे १९९० च्या दशकाच्या अखेरीस हिंजवडीत माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्या आल्या आणि माण, म्हाळुंगे, सूस, बावधन, भूगाव, पिरंगुटपर्यंत गुंठ्यांची भाषा सुरू झाली. जमीन विकून विस्कटलेल्या शेतकरी घराची गोष्ट २०१८ मध्ये 'मुळशी पॅटर्न' नावाने पडद्यावर आली आणि सगळ्या महाराष्ट्राने पाहिली. पण त्याच शिवाराच्या कडेला तीन गुंठ्यांचे घर सोडून गेलेल्या आपल्या माणसाची गोष्ट कोणी पाहिली नाही.

आणि स्वस्तात झालेला व्यवहार मोडायला निघाले की काय होते, हे २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये साऱ्या देशाने पाहिले. पुणे शहरातील मुंढवा येथील सुमारे ४० एकर महार वतनाच्या जमिनीचे खरेदीखत त्याच वर्षी मे महिन्यात झाले होते. खरेदी करणारी अमेडिया कंपनी. तिच्यात तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांचे पुत्र पार्थ पवार भागीदार. खतातली किंमत ३०० कोटी. बाजारभाव १८०० कोटींच्या घरात असल्याचा विरोधकांचा आरोप. जमीन सरकारच्या ताब्यात, आणि मूळ वतनदारांच्या वतीने व्यवहार झाला तो मुखत्यारपत्राच्या आधारे. बोभाटा झाल्यावर व्यवहार रद्द केल्याचे उपमुख्यमंत्र्यांनी स्वतः जाहीर केले. पण नोंदणी झालेले खत घोषणेने रद्द होत नाही. मुद्रांक विभागाने आधी बुडालेले शुल्क आणि रद्दलेखाचे शुल्क मिळून सुमारे ४२ कोटी रुपये भरावे लागतील, असे कळवले. दोष कोणाचा हे तपास आणि न्यायालय ठरवील. त्यात आम्ही जात नाही. आमचा मुद्दा एवढाच की सत्तेच्या शिखरावर असलेल्यांनाही नोंदलेल्या खतातून सहज बाहेर पडता येत नाही, तर पौडच्या दुय्यम निबंधक कचेरीत अंगठा उमटवून आलेल्या म्हातारीचे काय? खरेदीखत होण्यापूर्वीचा प्रत्येक दिवस मोलाचा आहे. त्यानंतर उरतो तो फक्त दावा.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. या कुटुंबाने माघार घ्यावी का?

काही वर्षांपूर्वी याच तालुक्यातील कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आमच्याकडे आले होते. त्यांनी चौकशी करून, बायकामुलांच्या सह्या घेऊन, त्या वेळच्या चालू भावाने आपले घर देऊ केले होते. मग नव्या रस्त्याची बातमी आली आणि भाव चढला. ते म्हणाले, काहीतरी खोट काढा. आम्ही नाही म्हणालो. ते रागावून गेले, अजूनही रस्त्यात भेटले तर तोंड फिरवतात. पण आमचे मत तेच आहे. ठरवताना किंमत खरी होती, संमती मोकळी होती, सगळे हक्कदार हजर होते. नंतर भाव वाढला हा समोरच्याचा गुन्हा नव्हे. भाव पडला असता तर हेच गृहस्थ त्याला म्हणाले असते की शब्द पाळ. पंचशीलात खोटे न बोलण्याचे शील आपण विहारात रोज म्हणतो, ते नोंदणी कचेरीच्या पायरीपाशी संपत नाही. शब्द मोडण्याची सवय लागलेल्या समाजावर कोणी विश्वास ठेवत नाही आणि मग ज्याची खरोखर फसवणूक झाली, त्याचेही कोणी ऐकत नाही.

पण दिलेला शब्द शब्द ठरण्यासाठी तो देणाऱ्याचा असावा लागतो. भावांनी जे आपले नव्हते त्याचाही शब्द दिला होता. आईच्या छपराचा शब्द आईला न विचारता दिला होता. हे सत्य लपवून खरेदीखतापर्यंत जाणे, हीच खरी शब्दभंगाची वाट होती. म्हणून आम्ही सांगितले की माघार घ्या, पण ५२ लाखांसाठी घेऊ नका. ५२ वाल्याशी आज एक शब्द बोलू नका, त्याचा चहासुद्धा घेऊ नका. पहिल्या खरेदीदाराला समोर बोलवा आणि काय चुकले ते तोंडावर सांगा.

तो खरेदीदार पुढच्या रविवारी आला. तोपर्यंत आमच्या मनात तो कोणी बिल्डरचा माणूस होता. निघाला लातूर जिल्ह्यातून आलेला, हिंजवडीच्या कंपनीच्या बसवर चालक असलेला, आपल्याच समाजातला एक तरुण. भाड्याच्या खोलीत बायको आणि दोन मुली. इसाराचे २ लाख त्याने पतसंस्थेतून उचलले होते. त्याला वस्तीतली जागा हवी होती, कारण इतरत्र आडनाव ऐकून दोनदा नकार मिळाला होता. त्याच दलालाने इकडे यांना सांगितले की वस्तीत कोणी घेत नाही आणि तिकडे त्याला सांगितले की तुला वस्तीबाहेर कोणी देत नाही. दोन्हीकडून दलाली घेतली. वाचकहो, एका जातीच्या भिंतीची दोन्ही बाजूंनी वसुली कशी होते, याचा इतका स्वच्छ हिशेब आम्ही वकिलीत क्वचितच पाहिला आहे.

सारे ऐकून तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आईची न् ताईची सही नाही, हे मला कुणी बोललंच नाही, साहेब." तेव्हा म्हातारी पहिल्यांदा बोलली. म्हणाली, "मला इकायचंच नव्हतं. कुणी इचारलंच नाही."

खोलीत कोणी काही बोलले नाही. जे आम्ही चार कलमांत सांगत होतो ते तिने दोन वाक्यांत सांगितले.

मार्ग असा निघाला. इसाराचे २ लाख, पतसंस्थेचे तेवढ्या काळाचे व्याज आणि पावतीचा खर्च, हे सारे चेकने परत. करार दोघांच्या संमतीने रद्द झाल्याचा लेख, त्यावर आई व बहिणीसह सर्वांच्या सह्या. पुढे कधी विकायचे ठरले तर पहिला निरोप याच तरुणाला, चालू भावाने. पैशासाठी भावांनी टेम्पो विकला. घर विकले नाही, ५२ लाखांनाही नाही. तो तरुण आमच्या दारातून गेला तो अजून घर शोधतो आहे. या निकालात आम्ही जिंकलो असे आम्हाला वाटत नाही. त्याच्या दोन मुलींचा विचार मनातून जात नाही. पण कोणाच्या आईला न विचारता घेतलेल्या घरात त्याही सुखाने वाढल्या नसत्या, असे तोच जाताना म्हणाला.

यातून आपल्या वस्त्यांनी काय घ्यावे?

सही करण्यापूर्वी भाव काढा. शेजारच्या व्यवहारांची सूची क्रमांक दोन ही सार्वजनिक नोंद आहे. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ती पाहता येते. शासनाचा वार्षिक मूल्यदर तक्ता, म्हणजे रेडीरेकनर, तोही पाहता येतो. तो बाजारभाव नव्हे, पण दलालाच्या तोंडच्या भावाला तपासायची पहिली पट्टी आहे. आणखी एक लक्षात ठेवा. खतात त्या दरापेक्षा १० टक्क्यांहून अधिक कमी किंमत लिहिली, तर प्राप्तिकर खाते भांडवली नफ्यासाठी सरकारी मूल्यच तुमची विक्री किंमत धरते. म्हणजे न मिळालेल्या पैशावर कर! 'थोडे कागदावर, थोडे रोख' म्हणणाऱ्यालाही दारातूनच परत पाठवा. जागेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून अधिक रोख इसार घेणे कायद्याने मना आहे आणि कागदावर नसलेला पैसा बुडाला तर मागायला तोंड राहत नाही.

इसारापूर्वी सर्व वारसांना एका सतरंजीवर बसवा. बहिणीला सासरहून बोलवा, आईला मध्यभागी बसवा. पावतीवर किंमत, मुदत आणि व्यवहार मोडला तर कोणी काय द्यायचे, हे लिहा. पावती होऊन गेली असेल आणि मन खात असेल, तर मुदत संपण्याची वाट न पाहता जाणकाराकडे जा. माघार घ्यायची तर कारण सांगून, लेखी आणि पैसे आधी हातात ठेवून घ्या. कारण सांगायची लाज वाटत असेल, तर समजा की ते कारण खरे नाही; मग शब्द पाळा आणि खत करून द्या.

आणि हे एकट्याने होणार नाही. प्रत्येक विहारात एक वही ठेवा. गावात कोणती जागा कोणत्या भावाने गेली, कोणत्या तारखेला, ते तिच्यात लिहा. जयंती मंडळाच्या हिशेबाइतक्याच काळजीने लिहा. वर्गणीतून एक अडचणनिधी उभा करा, म्हणजे दोन लाखांच्या हप्त्यासाठी कोणाला सव्वीस लाखांवर सही करावी लागणार नाही. भिंतीवर कमान उभारायला आपण लाख रुपये जमवतो. त्याच वस्तीतली चूल वाचवायला तेवढे जमवता येणार नाहीत का?

त्या वस्तीत अशी वही आता सुरू झाली आहे. पहिल्या पानावर ५२ लाखांच्या त्या व्यवहाराची नोंद आहे. त्याखाली म्हातारीच्या घराचा क्रमांक आहे आणि किमतीच्या रकान्यात धाकट्या भावाने स्वतःच्या हाताने लिहिले आहे : 'विकायचे नाही. आईला विचारले आहे.'